मास्तर विलायतेला कशाला गेले

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात पोचल्या पोचल्या मास्तरांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं, थेट पाण्यापाशी गेले, त्यात तर्जनी बुडवली, जिभेला लावली आणि थुंकून म्हणाले, "तम्मा, ह्या पाण्यात खळ शिजायची न्हाय."

तम्मा म्हणजे मी. मास्तर दुधनीकडचे, घरी कानडी बोलणारे. आपल्याहून लहान असेल त्याला ते सरसकट तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. त्या दिवशी त्यांच्या डोक्याला पटका होता, अंगात मी मँचेस्टरला घेऊन दिलेला जाड ओव्हरकोट होता आणि खाली धोतर, वहाणा. वाऱ्यानं धोतराचा सोगा फडफडत होता. किनाऱ्यावरच्या बाकांवर म्हातारी जोडपी कोटाची कॉलर वर करून समुद्राकडे तोंड करून बसली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. उन्हाळ्यातली वर्दळ संपलेली, बँडवाल्यांचा ओटा रिकामा, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. मास्तरांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली.

"ह्यांस्नी कुणी मांडून ठिवलंय हितं?"

"पेन्शनर आहेत, मास्तर. शांत गाव म्हणून येऊन राहतात."

"गप बसाया एवढ्या लांब यावं लागतं व्हय?" आणि मग, बाकांकडे बघतच, "आपले साहेब बी असंच बसत असतील का रं?"

खरं सांगतो, मला त्यांच्याबरोबर चालायची लाज वाटत होती. दोन वर्षं विलायतेत राहून मी काटा-सुरी धरायला शिकलो होतो आणि स्वतःला फार कोणी समजत होतो. आज त्या लाजेची लाज वाटते.

मास्तर सोलापूरच्या एका गिरणीत सायझिंग खात्याचे मास्तर होते. उभ्या सुताला खळ देऊन, वाळवून मागावर जाण्याजोगं करायचं, हे त्या खात्याचं काम. मी त्याच गिरणीत विणाई खात्याच्या ऑफिसात उमेदवार म्हणून चिकटलो, तेव्हा मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं की, सायझिंगमध्ये जाशील तर बोलू नकोस. तिथं वाफेत पाच मिनिटांत माझा श्वास कोंडायचा. मास्तर मात्र दिवसभर त्या वाफेत. कढईतली खळ ते दोन बोटांत धरत, बोटं हळूहळू उघडत, मध्ये तार किती लांब येते ते बघत आणि वाफ बंद करायची खूण करत. घड्याळ नाही, मोजमाप नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "सूत बोलतंय की. आपण गप बसावं, मंजी ऐकू येतं."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. मास्तर म्हणून त्यांना खुर्ची मिळाली होती, पण त्या खुर्चीवर बसलेले ते मी कधी पाहिले नाहीत. तिच्यावर रिकाम्या बॉबिनांची टोपली ठेवलेली असे. डबा ते उभ्यानं खायचे, भिंतीला पाठ लावून. यावर गिरणीत तर्क फार. कोणी म्हणे नवस आहे, कोणी म्हणे मूळव्याध. तेलुगू साळ्यांचा एक मुकादम तर छातीठोकपणे सांगे की, मास्तरांना कोणा साधूनं खुर्चीवर मरण सांगितलंय. मास्तरांच्या कानावर हे सगळं जात असणार. त्यांनी कधी कोणाला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

मी मँचेस्टरला कापडाची विद्या शिकायला गेलो. परीक्षा झाली, एका गिरणीत चार महिने अनुभव घेत होतो, तेव्हा मास्तरांचं एक पत्र आलं. मजकूर एवढाच: "मी बोटीनं येतो आहे. आपले विणाईचे साहेब समुद्राकाठी ज्या गावी असतात तो पत्ता सोबत आहे. तिथं दोन दिवसांची सोय करून ठेवणे. बाकी भेटीत." मी पत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं. सोलापूरच्या पलीकडे मुंबईसुद्धा एकदाच पाहिलेला माणूस!

पुढं कळलं की, पासपोर्टच्या कचेरीत त्यांना प्रवासाचं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं होतं, "एक चूक झाल्याली हाय, ती सांगाया चाललोय." कारकुनानं असा रकाना नाही म्हटलं. मास्तर म्हणाले, मग रकाना पाडा. शेवटी त्या बिचाऱ्यानं ‘स्नेह्यांची भेट’ लिहून सुटका करून घेतली, आणि मास्तर बाहेर येऊन तासभर बडबडत होते की, पहिल्याच पायरीला खोटं लिहावं लागलं.

दुधनीची आपल्या वाट्याची जमीन चुलतभावाला विकून त्यांनी तिकीट काढलं होतं. सामान म्हणजे एक ट्रंक. तीत खाली दोन धोतरं आणि वर गळ्यापर्यंत कडक भाकऱ्या, ज्वारीच्या, पापडासारख्या वाळवलेल्या, आणि शेंगांची चटणी. बोटीवर तीन आठवडे त्यांनी दुसरं काही तोंडात घातलं नव्हतं. माझ्या खोलीवर आल्यावर त्यांनी भाकरी मोडून माझ्या हातात दिली, स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि मला सगळं सांगितलं.

साहेब म्हणजे गिरणीतले गोरे विणाई मास्तर. सहा वर्षांपूर्वी ते सोलापुरातून गेले, नव्हे, घालवले गेले. तेव्हा मी गिरणीत नवाच होतो. मास्तरांना सूत ओळखायला शिकवलं ते ह्याच साहेबांनी. एका साध्या कामगाराला हाताशी धरून त्यांनी सायझिंग खात्याचा मास्तर केलं. खळीची कृती साहेबांच्या हातची, भिंतीवर डकवलेली. तीत जनावराची चरबी घालायची असे, म्हणजे सूत मऊ राहतं, मागावर तुटत नाही. मास्तर लिंगायत, गळ्यात लिंग, चरबीला हात लावणं म्हणजे पाप. आधी चरबी ओतायला दुसरा माणूस होता, मास्तर तोंड फिरवून उभे राहायचे. तो माणूस काम सोडून गेला आणि चरबीचा डबा मास्तरांच्या हातात आला.

"माज्यानं होईना, तम्मा. साहेबांस्नी सांगाया पायजे हुतं. त्यांनी दुसरा मानूस दिला असता. पर सांगितलं तर म्हणतील, हा कसला मास्तर! म्हणून मी करडईचं तेल घातलं."

सहा आठवडे त्यांनी करडईचं तेल घातलं. चरबीचे डबे गुपचूप बैलगाडीवाल्यांना वंगणाला वाटून टाकले. त्या पावसाळ्यात सोलापुरात एकही गाडी कुरकुरली नसेल. पण गोदामात कापड पिवळं पडलं, खवट वास मारायला लागला, गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. मालकांनी चौकशी बसवली. साहेबांनी सर्वांदेखत मास्तरांना विचारलं, "खळीत चरबीच घातली ना?" आणि मास्तर म्हणाले, "व्हय."

मग राहिलं एकच. साहेबांनी चरबी म्हणून भलताच स्वस्त माल मागवला आणि वरचे पैसे खाल्ले, असं ठरलं. साहेब चोर ठरून गेले.

"मी मनाला समजावलं," मास्तर म्हणाले, "गोरा मानूस हाय, त्याला कुटंबी काम मिळंल. माजी आई म्हातारी हुती, नोकरी गेली असती. आई बी गेली. मग इंजिनखात्यातला गोरा फोरमन रजेवरनं परत आला, त्यानं सांगितलं, साहेबांस्नी परत कुठल्याबी गिरणीनं घेतलं न्हाय. बायको गेली. मेव्हणीच्या घरी भाड्यानं पाव्हणे ऱ्हात्यात, तितं साहेब कोळसा भरत्यात. ती खुर्ची मला त्यांनी दिल्याली, तम्मा. तिच्यावर कसा बसू?"

मी म्हटलं, मास्तर, पत्र पाठवलं असतं तरी चाललं असतं. ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "व्हय म्हनलो ते तोंडानं म्हनलो हुतो का पत्रानं?"

तर अशा रीतीनं आम्ही त्या गावी आलो. मेव्हणीच्या घरातच मी पत्रानं खोली घेऊन ठेवली होती. ती माझ्या नावानं, आणि नव्या उमेदवाराचं नाव साहेबांच्या लक्षात असायचं कारण नव्हतं, त्यामुळं त्यांना काही ठाऊक नव्हतं. समुद्राची चव घेऊन झाल्यावर आम्ही दार वाजवलं, आणि कोळशाची बादली हातात घेतलेल्या, पुढं कापड बांधलेल्या उंच म्हाताऱ्यानं दार उघडलं. क्षणभर तो मास्तरांच्या पटक्याकडे बघत राहिला. मग बादली खाली ठेवून गिरणीतल्या त्या मोडक्या हिंदुस्थानीत ओरडला, "अरे, खळवाला!"

काय आनंद झाला होता साहेबांना! आम्हाला आत घेतलं, चहा दिला. अमका मुकादम आहे का, तमक्याच्या मुलीचं लग्न झालं का, उन्हाळ्यात अजून मागांवर पाणी मारता का. सहा वर्षांत सोलापूरचं कोणी त्यांना भेटलं नव्हतं. मास्तर बोलायला तोंड उघडत आणि साहेब पुढचं काहीतरी विचारत. कडक भाकरी बघून तर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्यावर लोणी फासून खाल्ली. ह्या माणसाला आता कसं सांगायचं, हे मास्तरांच्या तोंडावर मला दिसत होतं. संध्याकाळ तशीच गेली. जिन्यावरून वर जाताना मास्तर म्हणाले, "उद्या. उद्या नक्की."

खोलीत शिरताना त्यांनी सोलापुरात करतो तसं केलं, वहाणा दाराबाहेर काढल्या. माझ्या काही लक्षात आलं नाही, आणि यायला हवं होतं. दोन वर्षं त्या देशात मी राहत होतो, ते नव्हते.

सकाळी मास्तरांनी दार उघडलं आणि ते तिथंच खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहत होतो. दाराबाहेर वहाणा होत्या. दुधनीच्या चांभाराच्या हातच्या, सोलापूरची धूळ बसलेल्या त्या वहाणा पुसून, रंग लावून, घासून आरशासारख्या केल्या होत्या आणि जोडीनं नीट मांडल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

मला सांगावं लागलं. इथं अशी रीत आहे, मास्तर. पाहुण्यानं पायताण दाराबाहेर ठेवलं म्हणजे ते साफ करून हवं आहे, असं समजतात. घरातला कामाचा माणूस पहाटे उठून करतो.

"घरातला कामाचा मानूस मंजी कोन?"

खालून कोळशाच्या बादलीचा आवाज येत होता. मास्तरांनी वहाणा उचलून छातीशी धरल्या. त्या माणसाला हुंदका आला तो कोरडा, खोकल्यासारखा. मग ते उठले आणि अनवाणी, वहाणा हातात घेऊन जिना उतरायला लागले. मी मागं धावलो.

साहेब स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मास्तर समोर उभे राहिले आणि मराठीतून सांगायला लागले. मी इंग्रजी करू लागलो. आणि इथं मी माती खाल्ली. मला वाटलं, थोडं सांभाळून घ्यावं. म्हणून मी म्हटलं, खात्यात त्या वेळी तेलाच्या बाबतीत काहीसा घोटाळा झाला होता.

मास्तरांनी माझा दंड धरला. "थांब. मी एवढं बोललो आनि तुजं एवढ्यात झालं? ‘आय’ मंजी मी, एवढं मला कळतंय. ते मला ऐकू आलं न्हाय. पैल्यापासनं सांग. मी घातलं म्हन. मी खोटं बोललो म्हन."

मी पहिल्यापासून सांगितलं. एकही शब्द न वगळता.

साहेबांचा हात थांबला होता. मला वाटलं, आता सुरी फेकून मारतील. मग वाटलं, उठून मिठी मारतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. पुढचा बटाटा उचलला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ह्याला सांग, तू चुकीच्या ठिकाणी आलास. मी चोर नाही, हे मला ठाऊकच होतं. रोज ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही ती माणसं सोलापुरात आहेत." मग साल खाली टाकत म्हणाले, "आणि नाश्ता आठ वाजता असतो."

मी ते मराठीत सांगितलं. मला राग आला होता साहेबांचा. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला क्षमेचा एक शब्द देता आला नाही? पण मास्तर मान डोलवत होते, एखादा हिशोब जुळल्यासारखे. ते पुढं वाकले, साहेबांच्या बुटांना हात लावून नमस्कार केला, आणि मला म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. चल, परतीची बोट बघ."

समुद्राकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

माझंही काम आटोपलं होतं, आम्ही एकाच बोटीनं परतलो. बोटीवर मास्तर कठड्याला धरून उभे राहत आणि पाठांतर करत. गिरणीत चार भाषा. कोणीही कळलं नाही म्हणायला नको. मराठी आणि कानडी घरचीच. दखनी उर्दू त्यांना येत होती. तेलुगूचं वाक्य बोटीवरच्या एका तेलुगू खलाशाकडून त्यांनी घोटून घेतलं. तो दिसला की हाक मारायचे, "ऐक रं, बराबर झालं का?"

मी घाबरलो होतो. सोलापुरात तेव्हा स्वराज्याच्या चळवळीचे दिवस, गोऱ्या माणसाचं नाव काढलं तरी लोक थुंकत होते. अशा दिवसांत गिरणीच्या दारात उभं राहून साहेब निर्दोष होता म्हणून ओरडायचं! मार खाल, मास्तर, मी म्हटलं. म्हणाले, "खाईन की."

सुट्टीचा भोंगा झाला, माणसं बाहेर पडायला लागली आणि मास्तर दाराशेजारच्या दगडावर चढले. "चूक माजी हुती. साहेबांची न्हवती. साहेब चोर न्हवते." मग कानडीत, "तप्पु नंदु, साहेबरदु अल्ला." मग तेलुगूत, "तप्पु नादि, दोरगारिदि कादु." मग दखनीत, "गलती मेरी थी, साब की नै थी." आणि मग सगळी हकिकत, चरबी आणि करडईच्या तेलासकट.

मार बसला नाही. त्याहून वाईट झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी धर्म राखला! गोऱ्याला फसवलं, त्याला चोर ठरवून देशोधडीला लावलं! शाबास मास्तर! कोणीतरी धावत जाऊन झेंडूचा हार आणला. मास्तर दगडावरून ओरडत होते, "आरं, तसं न्हवं! ऐका!" पण त्यांना कोणी ऐकेना. हार गळ्यात पडला. त्यांनी तो ओढून काढला, तुटून फुलं सांडली, तरी लोक हसतच होते.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दगडावर. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्यांना कामावरून काढलं. चौथ्या दिवशी ते दाराबाहेर रस्त्याकडेच्या दुसऱ्या दगडावर उभे राहिले. टाळ्या बंद झाल्या, लोक टाळून जाऊ लागले. मग शिव्या सुरू झाल्या, साहेबाचा कुत्रा म्हणून कोणी दगडही भिरकावला. मास्तर तीच चार वाक्यं म्हणत होते. मी रोज कोपऱ्यावर उभा असायचो. जवळ जाऊन उभं राहायचं धैर्य मला सहाव्या दिवशी झालं.

आठव्या की नवव्या दिवशी रीळ खात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई त्यांच्यासमोर थांबल्या. डबा काखेत, पदर डोक्यावर. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तर, मंजी त्या साहेबानं काय खाल्लं न्हवतं?"

"न्हवतं, अक्का."

"आनि आमी त्यो गेला तवा त्याच्या टांग्यामागं बोंब मारली हुती."

"व्हय. माज्यामुळं."

बाईंनी डबा दुसऱ्या काखेत घेतला. "लई वंगाळ झालं," त्या म्हणाल्या, आणि मागून येणाऱ्या बायकांकडे वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली, "अगं, त्या साहेबानं काय खाल्लं न्हवतं. हे मास्तर सांगत्यात." त्या बायका थांबल्या. मास्तर दगडावरून खाली उतरले.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून साहेबांना पत्र लिहवून घेतलं. एक ओळ. "सांगितलं." मी म्हटलं, नोकरी गेल्याचं लिहू? ते म्हणाले, ते साहेबांनी इचारलं न्हाय.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मास्तर तेव्हा गावातल्या बाळीवेशीजवळ हातमागवाल्यांना खळ करून देत होते. मी पाकीट घेऊन गेलो. मला वाटलं होतं, आता तरी क्षमेचं काही असेल. मी वाचून दाखवायला लागलो आणि अडखळलो, कारण त्यात तसलं काहीच नव्हतं. साहेबांनी विचारलं होतं, शंभर रत्तल पिठाला करडईचं तेल किती घातलं होतंस? तेल कच्चं होतं की कढवलेलं? आणि खळ गार होण्याआधी घातलंस की नंतर? बटाटे सोलताना विचार करतो आहे. मला वाटतं, तेल कढवून घेतलं असतं, तर चरबी न घालताही जमलं असतं.

"परत वाच," मास्तर म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांनी हात धोतराला पुसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. शेजारचा विणकर घाबरून काय झालं, काय झालं करू लागला.

"साहेबांनी मला कामाचं इचारलं," मास्तर त्याला म्हणाले. मग मला म्हणाले, "बस, तम्मा. कागद काढ. लिही, तेल कच्चं हुतं. शंभराला चार रत्तल..."